गिमलीतली भरती

बाहेर उणे एकतीस.
सरोवर इतकं गोठलंय की त्यावरून ट्रक जातात,
आणि माझा नवरा जेवणाच्या टेबलावर
लाटा विकत घ्यायला बसलाय.

तीनशे लिटरची टाकी. तासाला वीसदा
सगळं पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे सहा हजार.
हे गणित तो विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडतो,
खोडतो, पुन्हा मांडतो.
एक मोठा पंप की दोन छोटे?
का काचेला भोक पाडून पाइप बाहेरून फिरवावा?
म्हणजे मोटार तळघरात जाईल, आवाजही जाईल.
पण भोक ते भोकच, सिगवाल्दी, मी म्हटलं,
उद्या मन बदललं तर बुजवशील कशाने?

चाळीस हिवाळे त्याने बर्फाला भोकं पाडली.
एका भोकातून जाळं खाली सोडायचं,
दुसऱ्यातून ओढायचं,
मधलं सगळं अंधारात.
जाळं नेणारी फळी कुठवर पोचली
हे तो बुटाच्या तळव्यांनी ओळखायचा.
आता गुडघे गेले.
आता काचेला नाक लावून
बोटाएवढ्या माशांची चौकशी करतो.

पहिला पंप आला. लावला, सुरू केला.
पाणी सुटलं सरळ रेषेत, बंबाच्या नळीसारखं,
आणि समोरचं जांभळं प्रवाळ
गोगलगायीच्या शिंगासारखं आत गेलं
ते गेलंच.
दगडांमागे मात्र काही हललं नाही.
तिथे गाळ बसला, राखाडी, मऊ,
पाहुण्यांच्या खोलीत बसते तशा धुळीसारखा.
चिमूटभर खाणं सोडून त्याने पाहिलं
कण कुठे धावतात, कुठे घुटमळतात,
कुठे मुक्कामच ठोकतात.
तीन रात्री. टॉर्च घेऊन.
मी वर अंथरुणात ती घरघर ऐकत होते,
आमच्या जुन्या फ्रीजहून अर्धा सूर वर.

शनिवारी विनिपेगला गेलो.
दुकानात क्रिसांतो, मूळचा बोलिनाओचा.
इथे येऊन एकवीस वर्षं झाली,
अजून घरातल्या घरात कानटोपी घालतो.
सिगवाल्दीने आकडे पुढे सरकवले.
क्रिसांतोने कागद उलटा केला,
आमची थकबाकी वाचली, हसला नाही,
आणि पालथा पंजा काउंटरवर ठेवला.
सावकाश पुढे नेला.
थांबला.
आम्हीही थांबलो.
मग हात त्याच वाटेने मागे आला, पण तसाच नाही,
जरा तिरका, बोटं सैल.
"आमच्याकडे असं," तो म्हणाला.
"एकाच बाजूने सारखं ढकलत नाही कोणी."
मी विचारलं, तिकडे कोण असतं?
म्हणाला, आई. अगदी किनाऱ्यावर घर.
बोलणं संपलं की ती फोन ठेवायला विसरते.
मीही ठेवत नाही.

दोन छोटे घेतले, समोरासमोर.
एक चालतो तेव्हा दुसरा गप्प,
मग दुसऱ्याची पाळी,
मध्ये काही क्षण दोघेही अबोल.
खोक्यावर या पद्धतीला भारदस्त नाव होतं.
मी तिला संसार म्हणते.
वीज गेलीच तर म्हणून बॅटरीही घेतली,
तिची किंमत मला अजून कळलेली नाही.

अकराव्या दिवशी जांभळ्याने एक टोक बाहेर काढलं,
दुपारपर्यंत सगळं.
सिगवाल्दी काही बोलला नाही.
सूप दोनदा वाढून घेतलं.

काल रात्री वारा सुटला आणि वीज गेली.
फ्रीज थांबला, भट्टी थांबली.
घर इतकं शांत की सरोवर तडकलेलं
इथवर ऐकू आलं.
तो उठला, मोजे न घालता जिना उतरला.
मी टॉर्च घेऊन मागे गेले
तर अंधारात उभा, अनवाणी,
टाकीपाशी, मान खाली.
"दिवा नको," म्हणाला.
"डावीकडचा चालतोय."